चोरघट

“ही पोरगी मला बरी दिसत नाही,” आसुटकर काकू म्हणाल्या, आणि प्रणोतीनं विणलेल्या सशाचं डोकं त्यांनी दोरा ओढून सरसर उसवायला घेतलं.

प्रणोती नुकतीच उठून वर गेली होती. मला वाटलं, काकू तिच्या विणण्याबद्दलच बोलतायत.

“जमेल हो तिला. नवीन आहे अजून.”

“मी विणण्याचं नाही म्हणून राहिले, मृदुला.”

“मग काय? बाळ दोन महिन्यांचं आहे, झोप होत नसेल. माझी तरी कुठं होत होती?” असं म्हणून मी माझ्या रेवाच्या मुठीतला दोऱ्याचा तुकडा सोडवायला वळले. विषय तिथंच संपला.

आमची ती वीज केंद्राची वसाहत. तीन मजली इमारती, प्रत्येक मजल्यावर दोन घरं. काकू तळमजल्याला, मधल्या मजल्यावर मी, आणि सगळ्यात वर, तापलेल्या स्लॅबखाली, प्रणोती वासेकर. विदर्भातल्या मे महिन्यात दुपारी कुणी दाराबाहेर पडत नाही. नवरे पाळीवर जायचे आणि प्रत्येक घरात कूलर घरघरत असायचा. त्या दुपारी कशा काढायच्या म्हणून काकूंनी आम्हा तिघीचौघींना क्रोशाची खेळणी शिकवायला घेतली होती. मी जायचे त्याला कारण वेगळं होतं. दुकानातल्या खेळण्याचे डोळे मी ओढून बघायचे, आणि ते निघायचे. रेवा तेव्हा रांगत होती, धरून उभी राहायला लागली होती आणि हाताला लागेल ते तोंडात घालत होती.

“मृदुलाबाई खेळणं विकत घेत नाही, त्याची चौकशी करते,” समोरच्या ठेंगणे वहिनी म्हणायच्या.

गोल खेळणं विणताना आधी टाके वाढवत जायचं, मग काही फेऱ्या सरळ घालायच्या आणि मग टाके कमी करत यायचं. कमी करण्याला काकू घट म्हणायच्या. दोन टाके सुईवर घ्यायचे आणि दोनाचा एक करायचा. साधी घट घातली की तिथं जाडसर गाठ येते आणि तिच्या शेजारी भोक पडतं. त्या भोकातून आतला कापूस डोकावतो. म्हणून खेळण्यासाठी घट वेगळी. प्रत्येक टाक्याच्या माथ्यावर दोन धागे असतात, एक आपल्या बाजूचा आणि एक पलीकडचा. सुई फक्त आपल्या बाजूच्या धाग्याखालून घालायची, लगेच पुढच्या टाक्याच्याही तशाच धाग्याखालून, आणि मग दोरा ओढून घ्यायचा. टाका कमी होतो, पण कमी झालेला कुठं दिसत नाही. चोरखिसा असतो तशी ही चोरघट, काकू म्हणायच्या.

मला ती जमायला पुष्कळ दिवस लागले. माझी सुई हटकून दोन्ही धाग्यांखालून जायची. प्रणोतीला पहिल्याच दुपारी जमली. काकूंनी नमुन्याच्या तुकड्यावर एकदा करून दाखवली आणि हिनं लगेच तशीच्या तशी घातली. पण खेळणं विणायला बसली की ती परत साध्या घटीवर यायची. सशाच्या मानेभोवती, हत्तीच्या पोटाखाली भोकंच भोकं. काकू उसवून द्यायच्या, ती मुकाट्यानं घेऊन जायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच विणून आणायची.

“येते तर घालत काऊन नाही गं?” काकूंनी एकदा विचारलंच.

प्रणोतीनं सुईवरचा टाका ओढून घेतला. मग म्हणाली, “काकू, चोरघट घातली की आत हवा जाते का?”

“घ्या बाप्पा,” ठेंगणे वहिनी म्हणाल्या, “आता सशाले कूलर लावून द्या.”

आम्ही हसलो. प्रणोतीही हसली, पण सगळ्यांचं हसून झाल्यावर.

मी बघणारी बाई आहे. कुणाच्या घरी गेले तरी आधी मला प्लगची भोकं दिसतात, टेबलाचे कोपरे दिसतात, खालच्या कप्प्यात ठेवलेलं फिनेल दिसतं. प्रणोतीचंही मी बघत होते. ती बाळाला कधी खाली आणत नसे. तिची आई होती तोवर आईजवळ ठेवून यायची. आई वणीला परत गेल्यावर ‘झोपलाय’ म्हणायची आणि थोडा वेळ बसून उठायची. एकदा रेवा रांगत तिच्या मांडीशी गेली, तर हिनं दोन्ही हात वर धरले, कणीक मळताना कुणी बोलावलं की धरतो तसे. हातात सुई आहे म्हणून जपते, असं मला वाटलं. मला ते आवडलंही.

त्याच आठवड्यात एका सकाळी आमच्या दाराच्या कडीला पिवळा ससा अडकवलेला दिसला. रेवासाठी. मी त्याचे कान ओढून बघितले. डोळे दोऱ्यानं भरलेले होते, निघण्यासारखं काही नव्हतं. मानेशी भोकं होती. दुपारी बसून ती शिवून टाकू म्हणून मी तो पलंगावर ठेवला.

बाराच्या सुमाराला कूलरमधलं पाणी संपत आलं. गॅलरीत जाऊन मी बादलीनं ते भरलं आणि आत आले. रेवा पलंगाशी उभी होती, चादर धरून. ससा खाली पडला होता. तिचं तोंड उघडं होतं आणि त्यातून आवाज येत नव्हता. चेहरा लाल होता, मग तो लाल राहिला नाही. मी तिला पालथी घेतली, पाठीवर थापट्या मारल्या, तशी तिच्या ओठांशी कापसाचं टोक दिसलं. ते मी ओढलं. कापसाची ओली, लांब वात बाहेर आली. मग ती रडली. इतकी रडली की खालून काकूंनी हाक मारली. मी तिला छातीशी धरून जमिनीवर बसले होते आणि माझे दात वाजत होते.

दात वाजायचे थांबल्यावर मला राग आला. रेवाला कडेवर घेतलं, ससा उचलला आणि जिना चढायला लागले. काय बोलायचं ते मनात तयार होतं. तुझ्या हौसेपायी माझी मुलगी जात होती, असं काहीतरी.

वरच्या जिन्यात भिंतीला हात लावला तर चटका बसत होता. आणि शांतता होती. खालच्या चारही घरांतून कूलरची घरघर जिन्यात येत होती, ती वर जाता जाता मागे राहिली. शेजारचे लोक सुट्टीला गावी गेले होते, पण प्रणोतीच्या घरातूनही काही आवाज नव्हता.

ती दारासमोर शेवटच्या पायरीवर बसली होती. मांडीत हळदी रंगाचा एक लहानसा गोळा होता आणि सुईनं ती दोऱ्याचं टोक त्याच्या आत सरकवत होती. गाऊन घामानं पाठीला चिकटला होता. मागे दाराला कडी घातलेली होती आणि कडीला कुलूप.

“बाहेर काय करतेस गं?”

“विणत होते. झालं आत्ताच.”

“बाळ कुठाय?”

“आत आहे.”

“कोणाजवळ?”

“कोणाजवळ नाही,” ती म्हणाली. “म्हणूनच बरं आहे.”

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. मी कुलपाकडे बघितलं, मग तिच्याकडे.

“कुलूप कशाला लावलंस?”

“मला आत जाता येऊ नये म्हणून.”

दूध आलं का, कचऱ्याची गाडी येऊन गेली का, हे सांगावं तशा आवाजात ती बोलत होती. सशावरून बोलायला तयार केलेलं एक वाक्यही मला आता आठवेना.

“कूलर लावलायस का आत?”

“बंद केला. त्याच्या आवाजात बाळाचा श्वास ऐकू येत नाही. इथून येतो ऐकू. मघाशी येत होता.”

“मघाशी म्हणजे कधी?”

तिनं मांडीतल्या गोळ्याकडे बघितलं. “शेपूट विणत होते तेव्हा. डोकं, अंग, सगळं आज इथंच बसून केलं.”

एवढा गोळा विणायला किती वेळ लागतो ते मला माहीत होतं. मला सबंध सकाळ लागायची. तिचा हात कितीही भरभर चालत असला तरी.

मी दाराला कान लावला. लाकूड तापलेलं होतं. आत काही नव्हतं. माझ्याच कानात रक्त धडधडत होतं, आणि कडेवर रेवा हुंदके देत होती. मी तिच्या तोंडावर तळवा ठेवला आणि पुन्हा ऐकलं. काहीच नाही.

“किल्ली दे, प्रणोती.”

“नाही.”

“किल्ली दे म्हणते ना.”

“ताई, तुम्ही रेवाला उशी देता?” ती म्हणाली. “मला उशी दिसायची. म्हणजे, काय होईल ते दिसायचं. सारखं. मी सगळ्या उशा माळ्यावर टाकल्या. मग चादरी टाकल्या. मग हातच उरले.”

रेवाला मी दुसऱ्या कडेवर घेतलं, तिच्यापासून लांबच्या. हे तिनं पाहिलं. मान हलवली, बरोबर करताय असं सांगितल्यासारखी.

मी जिन्याच्या कठड्यावरून खाली वाकले आणि काकूंना हाक मारली. ती हाक मला आजही माझी वाटत नाही. काकू गुडघ्यांवर हात टेकत वर आल्या. कुलूप बघितलं, प्रणोतीला बघितलं, आणि रेवाला माझ्याकडून घेतलं.

“दुसरी किल्ली?”

“ह्यांच्याजवळ आहे,” प्रणोती म्हणाली. “पाळीवर आहेत. आत फोन नेऊ देत नाहीत.”

“ठेंगणे रात्रपाळी करून झोपलाय, त्याला उठवते आणि वरवंटा घेऊन येते,” काकू मला म्हणाल्या. “तू हिला सोडू नको.”

त्यांची पावलं खाली जात राहिली. त्या वयाला आणि त्या गुडघ्यांना जितकं लवकर जाता येईल तितकं त्या जात होत्या, आणि तरी मला वाटत होतं की त्या मुद्दाम एकेक पायरी मोजून उतरतायत.

मी तिची दोऱ्याची पिशवी पायरीवर उलटी केली. सुया, दोऱ्याचे गुंडे, कापूस. किल्ली नव्हती. तिच्या गाऊनचे खिसे चाचपले. तिनं हात वर धरून चाचपू दिले. जिन्यातल्या कुंडीतली माती उकरली. कुलूप दोन्ही हातांनी धरून हिसडलं, त्यानं तळवे भाजले आणि ते तसंच राहिलं. ते दाबून लागणारं कुलूप होतं. बंद करताना त्याला किल्ली लागत नाही. म्हणजे किल्ली आतच राहिली की काय?

“किल्ली आत ठेवलीस? प्रणोती, माझ्याकडे बघ. आत आहे का?”

“नाही. मला सापडणार नाही अशा ठिकाणी आहे.”

ती दोन्ही हातांनी मांडीतला गोळा धरून होती. पिल्लू होतं ते, कोंबडीचं. चोच होती, शेपूट होतं, डोळे अजून भरायचे होते. मी त्याच्याकडे बघत राहिले. काय खटकतंय ते आधी कळलं नाही. मग कळलं. त्याला भोकं नव्हती. वरपासून खालपर्यंत एकसारखं, गुळगुळीत. टाके कुठं कमी केले तेही दिसत नव्हतं. इतके दिवस काकूंनी उसवून उसवून सांगितलं तरी जी घट तिनं घातली नव्हती, ती ह्या एका पिल्लाला घातली होती.

“ही चोरघट आहे,” मी म्हटलं.

तेव्हा तिनं पहिल्यांदा माझ्या डोळ्यांत बघितलं.

मी पिल्लाला हात घातला. कापसाच्या आत बोटांना काहीतरी टणक लागलं. तिनं ते पोटाशी ओढून घेतलं.

“नको, ताई. फार मुश्किलीनं बंद केलंय मी हे.”

“सोड.”

“मी आत गेले तर?”

मला तिला मारावंसं वाटलं. खरंच हात उचलला होता मी. पण मग तिच्या मनगटाला माझी बोटं लागली, आणि त्या भट्टीत तिचं मनगट बर्फासारखं गार होतं. मी तिच्यासमोर खाली बसले.

“तू आत येऊ नकोस,” मी म्हटलं. “मी जाते. तू इथंच बस, भिंतीला टेकून. तुझ्या हातांना काही करावं लागणार नाही. तू फक्त हे सोड.”

तिची बोटं एकेक करून सुटली.

आता ते उघडायचं कसं? दोऱ्याचं टोक तिनं काकूंनी शिकवलं तसं आतल्या आत जिरवलं होतं. ते सापडेना. कात्री माझ्या घरात, कपाटाच्या वर, रेवाचा हात पोचू नये म्हणून. मी पिल्लू दातांत धरलं. दोरा पिळाचा होता, दाताखाली सरकत राहिला. मी सुई एका टाक्यात घुसवली आणि पिरगाळली. सुई वाकली. पुन्हा दातांत धरून मी कुत्र्यासारखी मान झटकली, तेव्हा एक टाका तुटला. तिथं करंगळी घातली, मग दोन बोटं, आणि कापसासकट किल्ली ओढून काढली.

ती कुलपात उलटी गेली. मग सुलटी गेली.

आत अंधार होता आणि भट्टीसारखी झळ. जमिनीवर उघडी गादी होती. तिच्यावर चादर नाही, दुपटं नाही, खोलीत कापड म्हणून काही नाही. मधोमध बाळ, एका झबल्यात. हात दोन्ही बाजूंना पडलेले. ओठ वाळलेले. मी त्याच्या नाकाखाली बोट धरलं. रेवाच्या नाकाखाली रोज रात्री मी असंच धरते, आणि बोटाला ऊब लागेपर्यंत माझा स्वतःचा श्वास थांबलेला असतो. इथं खोलीतली हवाच इतकी गरम होती की मला कळेना, हा श्वास आहे की नुसतीच झळ.

मग त्याची बेंबी हलली. अगदी जराशी.

मी त्याला उचललं. तो रडला नाही, त्याची मान माझ्या हातावरून कलंडली. माठातल्या पाण्यात ओढणीचं टोक बुडवून त्याचं अंग पुसत मी दारात आले.

प्रणोती सांगितलं तशीच बसली होती. पाठ भिंतीला, तळवे भिंतीला.

“आहे?” तिनं विचारलं.

“आहे.”

तिनं डोळे मिटले. तिच्या तोंडून जो आवाज आला, तो मी बाळंतपणाच्या खोलीतसुद्धा ऐकला नव्हता.

तेवढ्यात रेवाला ठेंगणे वहिनींजवळ ठेवून काकू वरवंटा घेऊन पोचल्या. मागोमाग ठेंगणे भाऊजी गाडीची किल्ली घेऊन आले. मी बाळाला घेऊन उतरले. वळणावर मागे बघितलं तर वरवंटा पायरीवर पडला होता आणि काकू प्रणोतीचे दोन्ही हात स्वतःच्या मांडीत घेऊन बसल्या होत्या. दवाखान्याच्या वाटेवर, वसाहतीच्या फाटकाशी गाडी थांबली तेव्हा, बाळ कण्हलं. भाऊजींनी मागे वळून बघितलं आणि हॉर्न दाबून धरला.

बाळाला सलाईन लावलं. काकू प्रणोतीला घेऊन मागोमाग आल्या. दोन दिवसांनी ते दूध प्यायला लागलं. शैलेश वासेकर त्याच दिवशी पाळीवरून तसाच दवाखान्यात आला, अंगावर कामाचे कपडे, आणि बायकोला म्हणाला, “मला सांगायचं होतंस.” ती म्हणाली, “काय सांगायचं होतं?”

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी बाळाला तपासलं आणि मग खुर्ची ओढून प्रणोतीसमोर बसल्या. “तुम्हाला कसले विचार येतात?” एवढंच विचारलं. ती सगळं बोलली. तिला वाटलं होतं, हे ऐकून बाळ कायमचं काढून घेतील. बाई म्हणाल्या, असे विचार येणाऱ्या आया पुष्कळ असतात, भीतीनं गप्प राहतात, आणि ह्याला औषध आहे. औषध बरेच महिने चाललं. तिची आई वणीहून परत आली आणि राहिली.

पावसाळा सरत आला तेव्हा ती एकदा बाळाला घेऊन माझ्याकडे आली. बाळ तिच्या कडेवर होतं, तिच्या हातांत. आम्ही चहा घेतला. मी भोकांचं विचारलं नव्हतं, तीच म्हणाली.

“चोरघट मला येत होती, ताई. पण बंद केलेल्या सशाकडे मला बघवायचं नाही. वाटायचं, आत तो गुदमरतोय. मी बाळाकडेही तशीच बघत होते ना दिवसभर. खेळण्याला निदान भोकं ठेवता यायची.”

आता त्यांची बदली होऊन पुष्कळ वर्षं झाली. मुलगा शाळेत जातो, सायकल शिकताना पडला आणि दात तुटला म्हणून मध्ये तिचा फोन आला होता. ती हसत होती.

हे मी लिहिलं ते तुमच्यासाठी. तुमच्या जिन्यात, तुमच्या गल्लीत, तुमच्या नात्यात कुणीतरी नुकतीच बाळंत झालेली असेल. तिच्याकडे जा. बाळ बघायला जाऊ नका, त्याला बघणारे पुष्कळ असतात. बाळाला थोडा वेळ दुसऱ्या कुणाच्या मांडीवर द्या आणि तिच्याजवळ बसा. तुला झोप लागते का, कसली भीती वाटते का, असं तिला विचारा. ती ‘मी बरी आहे’ म्हणेल. तरी उठू नका, बसून राहा. आज दुपारीच जा.